न्यूपोर्ट ते ब्रुकलिन: मुलांना घेऊन फवाऱ्यांच्या बागा

न्यू जर्सीत जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळा सुटतात. नेमक्या त्याच दिवसांत भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. समर कॅम्प महाग, बाहेर उकाडा, आणि घरात सकाळी नऊलाच टीव्हीवरून भांडणं. आमच्या घरी यावर या उन्हाळ्यात एकच उपाय लागू पडला: फवाऱ्यांच्या बागा. इथे त्यांना स्प्लॅश पॅड म्हणतात. जमिनीतून कारंजी उडतात, खांबांवरून पाणी कोसळतं, कुठेही पाणी साठत नाही, त्यामुळे पोहता न येणारं मूलही मनसोक्त भिजू शकतं. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. आम्ही जर्सी सिटी, होबोकन आणि नदीपलीकडचं ब्रुकलिन अशा बागा पालथ्या घातल्या. सोबत सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई.

आधीच सांगते, पाणी सगळीकडेच चांगलं असतं. बाग निवडताना बघायचं ते सावली, बसायला जागा आणि जवळ स्वच्छतागृह. मुलं पाण्यात दीड तास रमतात, पण तो दीड तास बाकावर उन्हात बसलेल्या माणसाचं काय, हा विचार केला नाही तर सगळी सहल अर्ध्यात आटोपावी लागते.

सुरुवात जर्सी सिटीतल्या न्यूपोर्टपासून करा. पाथ, म्हणजे न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणारी रेल्वे, तिच्या स्टेशनपासून न्यूपोर्ट ग्रीन ही बाग चालत काही मिनिटांवर आहे. वाळू आहे, चढायला दोऱ्या आहेत, फवारे आहेत आणि समोर हडसन नदी. संध्याकाळी तिथे मराठी, तेलुगू, गुजराती, तमिळ सगळं एकदम कानावर पडतं. सासूबाईंची पहिल्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या एका आजींशी ओळख झाली आणि पुढचे कितीतरी दिवस त्या दोघी मुलांपेक्षा आधी तयार होऊन बसायच्या. ऑफिस सुटल्यावर तासभर जायला याहून सोयीची जागा नाही. दुपारी मात्र जाऊ नका, पाण्याजवळ मोकळं ऊन असतं.

वेळेचं गणित असं. बहुतेक ठिकाणी फवारे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुमारास सुरू होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या आसपास बंद होतात. न्यूयॉर्कमध्ये बरेचसे फवारे तापमान साधारण ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचलं की सोडतात. ढगाळ दिवशी लांबचा प्रवास करून जाल आणि खांब कोरडे उभे दिसतील. काही ठिकाणी खांबावर बटण असतं. ते दाबलं की पाणी काही वेळ चालतं आणि आपोआप थांबतं. कोरडं दिसलं म्हणून लगेच परतू नका, आधी बटण शोधा. आम्ही शक्यतो सकाळी दहाच्या आत पोहोचायचो. गर्दी नसते, बाक मिळतो, जमीन तापलेली नसते आणि बारापर्यंत घरी येऊन जेवून मुलं गाढ झोपतात.

न्यूपोर्टहून हलकी रेल्वे, म्हणजे लाइट रेल, पकडली की दोन बागा एकाच मार्गावर येतात. वेस्ट साइड अॅव्हेन्यू ते टनेल अॅव्हेन्यू अशी ही गाडी उत्तरेला होबोकनच्या नाइन्थ स्ट्रीटला नेते आणि दक्षिणेला गारफील्ड अॅव्हेन्यूला. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून काढायचं आणि गाडीत चढण्याआधी दुसऱ्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. फलाटावर दार-फाटक काही नसल्यामुळे नवे लोक हे विसरतात. आजी-आजोबा स्वतंत्र जाणार असतील तर त्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

होबोकनची रेझिलियनसिटी पार्क ही माझी या सगळ्यांतली सर्वांत आवडती बाग. तिथे आम्ही परत परत गेलो. होबोकन सखल आहे. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जात असल्यामुळे जोराचा पाऊस आला की रस्त्यांवर पाणी तुंबतं. २०१२ च्या सँडी वादळात तर शहराचा मोठा भाग बुडाला होता. त्यानंतर वायव्येकडच्या एका जुन्या रासायनिक कारखान्याच्या जागेवर ही सुमारे पाच एकरांची बाग उभी राहिली आणि जून २०२३ मध्ये लोकांसाठी उघडली. वर खेळणी, कारंजी, हिरवळ. खाली प्रचंड टाकी. अतिवृष्टीत ही बाग मिळून २० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ७५ लाख लिटर पावसाचं पाणी धरून ठेवू शकते आणि नंतर सावकाश सोडते. बास्केटबॉलचं मैदानही मुद्दाम खोलगट केलं आहे, पुरात त्यातही पाणी साठावं म्हणून. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो फवाऱ्यातून बाहेर येऊन जमिनीला कान लावून बसला. पायाखाली एवढी टाकी आहे हे कळल्यावर त्याचे प्रश्न संपेनात, आणि त्या दिवशी घरी येताना आम्ही मुंबईच्या २६ जुलैपासून पुण्याच्या मुठेपर्यंत सगळे पूर बोललो. मुलांना शहर कसं चालतं हे दाखवायला याहून चांगली जागा मला या परिसरात माहीत नाही.

तिथली कारंजी सपाट जमिनीतून उडतात, त्यामुळे तीन वर्षांची मुलगीही न घाबरता शिरली. उंच मनोऱ्यासारखी चढण्याची खेळणी मात्र पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांसाठीच ठेवा, आणि ओल्या पायांनी चढू देऊ नका. बाग नवी असल्यामुळे झाडं अजून लहान आहेत. ऊन उतरलं की जा किंवा सकाळी लवकर. नाइन्थ स्ट्रीट स्टेशनवरून चालत जावं लागतं. आमच्या सासूबाईंना ते जमलं, पण गुडघे दुखत असतील तर गाडी करून जाणं बरं.

दक्षिणेकडच्या गारफील्ड अॅव्हेन्यू स्टेशनजवळ बेरी लेन पार्क आहे. पूर्वी इथे रेल्वेचं यार्ड आणि कारखाने होते, जमिनीत क्रोमियमचं प्रदूषण होतं. ते साफ करून २०१६ मध्ये १७.५ एकरांची ही बाग झाली. फवारे चांगले आहेत, पण खरी मजा मोठ्या मुलांची: बास्केटबॉल, टेनिस, फुटबॉल, स्केटिंग. भावंडांत वयाचं अंतर जास्त असेल तर ही बाग निवडा. मोठा भाऊ बॉल घेऊन एका बाजूला, धाकटी पाण्यात.

पूर्ण दिवस हातात असेल तेव्हा ब्रुकलिन ब्रिज पार्कचा पिअर ६, म्हणजे नदीतला सहा नंबरचा धक्का. जर्सी सिटीच्या ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनहून पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून २ किंवा ३ क्रमांकाची सबवे, म्हणजे न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, पकडून बरो हॉल, आणि मग पायी. सबवेत प्रौढ माणसासोबत ४४ इंचांपर्यंत उंचीची तीन मुलं फुकट जातात, पाथमध्ये पाच वर्षांखालची. प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट असेलच असं नाही, म्हणून एका हाताने घडी होणारी हलकी बाबागाडीच न्या. बरो हॉलहून नदीकडे उतरताना नकाशा बहुधा जोरालेमन स्ट्रीट दाखवेल. रस्ता सुंदर आहे, पण खालच्या टप्प्यात दगडी फरसबंदी आणि उतार आहे. बाबागाडी किंवा काठी असेल तर अटलांटिक अॅव्हेन्यूने या.

पिअर ६ ला मुलांसाठी वेगवेगळे भाग केले आहेत. झोपाळ्यांची एक घळ, घसरगुंड्यांची टेकडी, वाळूचा मोठा हौद आणि वॉटर लॅब. वॉटर लॅबमध्ये नुसतं भिजणं नाही. मोठमोठ्या शिळांमधून पाण्याचे पाट वाहतात, मुलं ते हातांनी अडवतात, वळवतात. सासूबाई काठावर बसल्या होत्या. माझा मुलगा आणि एक अनोळखी चिनी मुलगा दोघे मिळून पाट अडवायला लागले आणि पाणी सारखं बाजूने फुटत होतं. त्या उठल्या, साडीचा पदर खोचला, आणि शेतात दारं धरतात तसं कुठे अडवायचं आणि कुठे वाट सोडायची ते दोघांना हाताने दाखवलं. मराठीतच. दोघांनाही कळलं. मग तासभर त्या तिथून हलल्या नाहीत. शिळा निसरड्या असतात, त्यामुळे चपलांपेक्षा मागून पट्टा असलेले रबरी सँडल घाला. आजींनीसुद्धा.

इथे झाडी दाट आहे, स्वच्छतागृह आहे, जेवायला टेबलं आहेत. म्हणूनच ही जागा माझ्या कसोटीला पूर्ण उतरते. परतताना नदीकाठाने ब्रुकलिनच्याच डंबो भागापर्यंत चालत गेलो. तिथे काचेच्या मंडपात १९२२ सालचं लाकडी घोड्यांचं चक्र आहे. ते जेन्स कॅरोसेल. शेजारच्या धक्क्यावरून मॅनहॅटनमधल्या वॉल स्ट्रीटची फेरीबोट मिळते. दमलेल्या मुलांना पुन्हा सबवेच्या पायऱ्या चढवण्यापेक्षा हे फार बरं.

मॅनहॅटनला जाणार असाल तर सेंट्रल पार्कमधलं हेक्शर प्लेग्राउंड बघा, तिथलं सर्वांत जुनं आणि मोठं. पाणीही आहे आणि शेजारी चढायला खरा खडक. न्यूयॉर्कच्या मुलांच्या मैदानांवर एक नियम लिहिलेला असतो: सोबत लहान मूल नसेल तर मोठ्या माणसाने आत यायचं नाही. आजोबांना फिरता फिरता सावलीत टेकावंसं वाटलं तरी नातवंडाशिवाय आत जाऊ नये, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचा नळ, उघडून मुलं नाचताना दिसली तर त्यालाही रीतसर सोय आहे. अठरा वर्षांवरील कुणीही ओळखपत्र दाखवून अग्निशमन केंद्रातून फवाऱ्याची टोपी मोफत मागू शकतो. ती बसवली की मिनिटाला २० ते २५ गॅलनच पाणी पडतं. नुसता उघडला तर हजार गॅलनहून जास्त, आणि मग जवळपास आग लागली तर पाण्याचा दाब अपुरा पडतो. शिवाय तो जोर मुलाला रस्त्यात ढकलून देईल एवढा असतो.

आता पाण्याच्या स्वच्छतेबद्दल, कारण यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. काही फवाऱ्यांचं पाणी एकदा पडलं की गटारात जातं, काहींचं गाळून पुन्हा फिरवतात. फिरवलेल्या पाण्यात एका मुलाचं पोट बिघडलेलं असेल तर ते सगळ्यांपर्यंत पोहोचतं. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने १९९७ ते २०२२ या काळात स्प्लॅश पॅडशी जोडलेले ६० साथीचे उद्रेक नोंदवले, आणि त्यांत दहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले. बहुतेक आजार क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूमुळे. तो क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस टिकतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला न्यायचंच नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी. कारंज्यावर बसू द्यायचं नाही, तोंड लावून पाणी पिऊ द्यायचं नाही. पोहण्याचा डायपर जंतू अडवत नाही, म्हणून तासातासाने बघायचा आणि बदलायचा तो पाण्यापासून लांब. आपल्याकडे लहानग्यांना उघडंच भिजवायची सवय असते. इथे तीन वर्षांच्या मुलीलाही पोहण्याचे कपडे हवेतच.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या गार पाण्यात भिजवतेस, रात्री खोकायला लागली म्हणजे?"

"आई, ओठ थरथरायला लागले की लगेच बाहेर काढते. तुम्ही पंचा धरून उभ्या राहा."

पंचा खरोखर न्या. जाड टॉवेल एकदा भिजला की दिवसभर ओझं. पंचा पिळून झाडाच्या फांदीवर टाकला की पुढच्या फेरीपर्यंत वाळतो, डोक्याला बांधता येतो, आणि कपडे बदलताना आडोसाही होतो. सनस्क्रीन घरूनच लावून निघा, दर दोन तासांनी आणि भिजल्यानंतर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावण्यापेक्षा सावलीतच ठेवा. मैदानावरची काळी रबरी जमीन आणि धातूची घसरगुंडी भर उन्हात तळवे पोळवते. आधी स्वतःचा हात ठेवून बघा. भिजून बाहेर आलेलं मूल नेमकं अनवाणी तिकडेच धावतं.

खायला चिकट किंवा रस्सा असलेलं काही नको. आमच्याकडे दशम्या, गुळांबा, काकडी आणि बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ताक. दहीभात एवढ्या उन्हात टिकवायचा तर बर्फाच्या पिशव्या हव्यात. कोकम सरबत मोठ्यांसाठी. पिण्याचं साधं पाणी भरपूर, कारण पाण्यात खेळणाऱ्या मुलांना तहान लागलेली कळत नाही. कागदी ताटल्या आणि कचऱ्याची पिशवी सोबत ठेवा. काचेची बाटली नेऊ नका, पाण्याजवळ सगळेच अनवाणी असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर इथे गडगडाट होऊन पाऊस येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांना पाण्यातून काढायचं आणि इमारतीत किंवा गाडीत जायचं, झाडाखाली नाही. शेवटचा आवाज ऐकल्यानंतर अर्धा तास थांबून मगच परत. म्हणून लांबच्या बागेला निघताना सकाळची वेळ धरा आणि संध्याकाळसाठी न्यूपोर्ट ठेवा. तिथून घरी धावत पोहोचता येतं.