झुडपी जंगलाचा हिशोब कोण देणार?

नागपुरातून उमरेड रोडनं जा नाहीतर काटोल रोडनं, लेआउटचे बोर्ड संपले की अधूनमधून बोर, पळस, हिवर आणि गुडघाभर गवत असलेल्या जमिनी लागतात. सरकारी रेकॉर्डला यातल्या बऱ्याच जमिनी झुडपी जंगल म्हणून आहेत. जाता-येता पाहणाऱ्याला वाटतं पडीक आहे, प्लॉट पडले तर काय बिघडलं. पण बाप्पा, ससे, तितर, लावे, कोल्हे, खोकड, रोही सगळे इथंच तर राहतात, आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात निघालेल्या वाघाला मधात आडोसा मिळतो तो याच तुकड्यांचा. २०१३ मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला जय नावाचा वाघ काही हवेतून नव्हता आला. २०१६ च्या एप्रिलनंतर तो दिसलाच नाही, आणि एवढ्या प्रसिद्ध वाघाचं पुढं झालं काय हे सरकार आजवर ठामपणे सांगू शकलं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

राज्य सरकारचं म्हणणं काय होतं, तर पूर्व विदर्भातली ८६ हजार हेक्टरच्या वर झुडपी जमीन वनव्यवस्थापनाच्या कामाची नाही, मोकळी करून द्या. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी ज्या जमिनी घरांसाठी, शाळांसाठी, स्मशानांसाठी वगैरे दिल्या गेल्या त्यांना नियमित करायचा रस्ता कोर्टानं ठेवला, आणि ते बरोबरच केलं, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब माणसाला उठवून कोणतं जंगल वाचणार आहे. पण त्या तारखेनंतर जमिनी वाटणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी व्हावी असंही म्हटलं. अतिक्रमण हटवायला जिल्ह्याजिल्ह्यात टास्क फोर्स, आणि पुढं नवीन अतिक्रमण झालं तर जबाबदार एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, एकीकडचं जंगल तोडून त्याच्या भरपाईची झाडं झुडपी जमिनीवर लावायची जी सोय होती ती जवळपास बंद झाली, आता दुसरी जमीनच नाही असं मुख्य सचिवांनी लिहून दिलं तरच ते करता येतं.

म्हणजे पहिल्यांदा खुर्ची ठरवून दिलीय. नाहीतर आपल्याकडं महसूल म्हणते वनविभागाला विचारा, वनविभाग म्हणतो जमीन आमच्या ताब्यातच नाही, आणि तोवर जेसीबी येऊन गेलेला असतो.

दबाव असला की सरकारकडून काम होतं हे आपण पेंचमध्ये पाहिलंय. मनसर ते खवासा हायवे चौपदरी करताना वन्यजीवप्रेमी आणि शास्त्रज्ञ मागं लागले, मामला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, आणि शेवटी प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा झाल्या, सगळ्यात लांब ७५० मीटरची. तेव्हा खर्चावरून किती बोंबाबोंब झाली होती! २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले तर अठरा जातींचे प्राणी त्या वाटा वापरताना सापडले, त्यात वाघही होते.

झुडपी जंगलासाठी असंच कोणीतरी मागं लागायला पाहिजे. वनभवन नागपुरात, राज्याच्या जैवविविधता मंडळाचं ऑफिस नागपुरात, डिसेंबरात अख्खं सरकार इथं येते, मग विचारायला मुंबईला जायची गरजच काय? माझी मागणी साधी आहे, तालुक्यानुसार सर्व्हे नंबरसकट यादी वेबसाइटवर टाका, कोणता तुकडा कुणाच्या ताब्यात आहे, वनविभागाकडं कधी गेला, १९९६ नंतर कुणी कुणाला दिला. आणि ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्या तुकड्यावर काय काय राहते ते लिहा, नुसता वड-पिंपळ लिहून वही बंद करू नका.

उमरेड तालुक्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय, या आठवड्यात टाकतो. भिवापूर, कुही, रामटेककडचं कोणी असेल तर सांगा, मसुदा पाठवतो, तालुक्याचं नाव बदललं की झालं.