फोर्त्सहाइममध्ये बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून. स्टेशनाबाहेर पडलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. "जर्मनी म्हणून आलो आणि हे तर आपल्या एमआयडीसीसारखं दिसतंय!" पहिली दोन वर्षं मी गावाचं नावच घेत नव्हतो. "श्टुटगार्टजवळ" म्हणायचं, मोकळं व्हायचं.

हुपरीच्या माणसाला हे शोभलं नाही. आमची चांदीनगरी, ही सोन्याची. १७६७ साली इथल्या अनाथाश्रमात घड्याळं आणि दागिन्यांचा कारखाना निघाला. पुढे खेड्यापाड्यांतले कारागीर चालत कामाला यायचे. बुटांच्या खिळ्यांचा खडखडाट व्हायचा, म्हणून त्यांना 'रास्लर' म्हणत. रेंदाळ-यळगूडहून सायकली मारत येणारी आमची माणसं मला त्यांच्यात लगेच दिसली. शिवाय एन्त्स, नागोल्ड, व्यूर्म या तीन नद्या आणि दाराशी ब्लॅक फॉरेस्ट. तिथली झाडं तराफे बांधून नेकार, ऱ्हाइनमार्गे पार हॉलंडपर्यंत जात. हे सगळं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लाज वाटायची, दुसरं काय.

मग मामा आला. त्याला वॉलबर्ग टेकडीवर नेलं. गवतावर चादर टाकली, धपाटे सोडले, खाली गाव पसरलेलं. मामाला बसल्या जागी काही स्वस्थता नाही. काडीने माती उकरता उकरता चिनी मातीचा तुकडा निघाला, बोटभर, कडेला निळी रेघ. "हितं कचरा टाकत्यात व्हय रं?" "टाकत असतील," मी म्हटलं. धपाट्याच्या कागदाबरोबर तो तुकडाही खालच्या कचरापेटीत गेला.

दोन दिवसांनी जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. हसत हसत त्यांना सांगितलं, की तुमच्या टेकडीवर कचरा निघतो. ते हसले नाहीत. हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि विचारलं, "रेघ कुठल्या रंगाची होती?"

निळी, म्हटलं. जाड की बारीक? बारीक. एकच की दोन? मला आठवेना. तुकडा कुठे आहे, हे त्यांनी विचारलंच नाही. "आमचं घर तिथे वर आहे," एवढं म्हणाले, पिशवी उचलली आणि गेले.

घरी येऊन वाचत बसलो. २३ फेब्रुवारी १९४५, संध्याकाळी ७.५०. ब्रिटिश विमानं वीसेक मिनिटं गावावर होती, तेवढ्यात सुमारे १७,६०० माणसं गेली. मधलं गाव उरलंच नाही. त्याचा ढिगारा उचलून वॉलबर्गवर नेला. आम्ही चादर टाकली ती त्याच्यावर.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे, कारण तो आधी मीच विचारायचो: युद्ध सुरू कुणी केलं? बरोबर आहे. १९३८ मध्ये इथलं सिनेगॉग उद्ध्वस्त झालं, १९४० च्या ऑक्टोबरात इथल्या ज्यूंना फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवलं. घड्याळांवर बसलेले हात युद्धात बॉम्बचे फ्यूज बनवत होते. हे सगळं मी त्या जिन्यात म्हणू शकलो असतो का? नाही. मग ते खोटं ठरतं का? तेही नाही. दरवर्षी त्या तारखेला चर्चच्या घंटा वाजतात, चौकात मेणबत्त्या लागतात. तिकडे वार्टबर्ग या दुसऱ्या टेकडीवर उजव्या टोकाचे लोक मशाली घेऊन उभे राहायचे, त्यांनाही हीच तारीख हवी असते. मी चौकात जातो, पण कडेला उभा राहतो. मेणबत्ती लावावी की नाही, हे मला दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं.

आजोबा गेले. रेघा किती होत्या ते मामाला फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, "कसली रेघ?"

मेमध्ये तुम्ही येताय. दागिन्यांचं संग्रहालय दाखवीन, व्यूर्म नागोल्डला मिळते तिथून जंगलात थोडं चालू. वॉलबर्गचं तेव्हाचं तेव्हा बघू.