‘डू’ नसलेला प्रश्न

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या एका दुरुस्तीबद्दल मी रिपोर्ट लिहिला होता. ती दुरुस्ती करणाऱ्याकडून रविवारी आलेले ते तीन शब्दांचे उत्तर अजून मनातून जात नाही. ‘व्हाय यू डाउट?’ एवढेच. ना लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने काय केले त्याची नोंद, मागितला, ना व्हर्जन विचारले.

आपण असे काय वाईट लिहिले, हे शोधण्यासाठी आज माझाच रिपोर्ट निदान दहा वेळा वाचला. मी लिहिले होते, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिक्स.’ माझ्या मनात होती ती शंका, वर्गात हात वर करून विचारतात तशी. मराठीत या एका शब्दात प्रश्नही मावतो आणि संशयही. इंग्रजीतल्या ‘डाउट’मध्ये प्रश्नाचा अर्थ मात्र आपण भरला आहे, आणि बाहेरच्या वाचणाऱ्याला तिथे अविश्वासच दिसतो. म्हणजे ज्याने फावल्या वेळात, कुणी न सांगता, ती दुरुस्ती केली, त्याला मी चारचौघांत सांगितले की तुझ्या कामावर माझा भरवसा नाही.

हे कळल्यावर बरे वाटायला हवे होते, पण उलट जास्तच लागले. तो रिपोर्ट लिहायला मला दीड तास लागला होता. कोणती कमांड दिली, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे तिन्ही वेगवेगळे मांडले होते; लॉगमधल्या नेमक्या बारा ओळी काढून ठेवल्या होत्या. मराठीत आदर क्रियापदातच असतो, ‘बघा’ म्हटले की झाले. इंग्रजीत तो सगळा गळून पडतो आणि मागे राहिलेले ‘प्लीज चेक’ वाचणाऱ्याला हुकमासारखे वाटू शकते. म्हणून मी चार ठिकाणी ‘प्लीज’ घातले होते. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे ते लोक अर्धवट वाक्ये लिहितात, पहिले अक्षरही मोठे करत नाहीत, आणि त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही. मी मात्र एका शब्दात अडकले. ताई म्हणते, कोडला कुठे भाषा कळते. तिच्याशी या विषयावर पुन्हा बोलणार नाही.

रविवारी रात्री पाच मिनिटांत सणसणीत उत्तर लिहून झाले होते. ते पाठवले नाही, कारण ऑक्टोबर १९९५ मधला आरएफसी १८५५ आठवला. इंटरनेटवर कसे वागावे याच्या त्या सूचनांमध्ये म्हटले आहे की भावनेच्या भरात लिहिलेले उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. तिथेच असेही म्हटले आहे की वाचणारा माणूस आहे, आणि त्याची संस्कृती, भाषा व विनोदाची समज आपल्याहून निराळी असते. हे वाक्य मी नव्याने येणाऱ्या मुलांना कितीदा दाखवले असेल! पण ते माझ्या बाजूने लिहिलेले आहे, समोरच्याने मला सांभाळून घ्यावे म्हणून, असेच मी आजवर धरून चालले होते.

आज जेवणानंतर ते तीन शब्द पुन्हा पाहिले आणि पहिल्यांदाच लक्षात आले की त्यात ‘डू’ नाही. ‘व्हाय डू यू डाउट’ असे हवे होते. दोन दिवस मी ज्या तुटकपणाला राग समजत होते, तो व्याकरणातला एक सुटलेला शब्द होता. मग त्याच्या जुन्या कमिटखालचे, म्हणजे कोडमधल्या बदलांसोबत लिहिलेले, मजकूर काढून वाचले. ‘अ’ आणि ‘द’ जवळजवळ कुठेच नाहीत, काळ मधूनच बदलतो, आणि एका लांबलचक वाक्यात तर त्याने तीच गोष्ट दोनदा निराळ्या शब्दांत सांगितली आहे, आपले पोचले की नाही याची खात्री नसलेला माणूस सांगतो तशी. मी हेच करते.

कदाचित त्याने खरोखरच विचारले असेल: शंका का आली, सांगा. कदाचित चिडलाही असेल. तीन शब्दांवरून ते कळणार नाही, आणि लागले ते लागलेच.

नवे उत्तर लिहिले आहे. ‘डाउट’च्या जागी ‘क्वेश्चन’, ‘युअर फिक्स’च्या जागी ‘द फिक्स’. वाक्ये लहान, ‘प्लीज’ एकच. आधीचा शब्द माझ्याकडून चुकला, हे पहिल्याच ओळीत सांगितले आहे. राग आता उरलेला नाही, तरी तो मजकूर उद्या सकाळी पुन्हा एकदा वाचूनच पाठवीन.