स्ट्राँगवाले आणि आयपीएवाले

आमच्या ग्रुपमध्ये बियरवरून दोन पार्ट्या आहेत, एक स्ट्राँगवाली आणि एक क्राफ्टवाली (म्हणजे छोट्या ब्रुअरीतली, वेगवेगळ्या चवींची बियर पिणारी), आणि खरं सांगायचं तर मी दोघांनाही नावं ठेवतो. २००९ ला पुण्यात डूलाली हे स्वतःची बियर स्वतःच बनवणारं मायक्रोब्रुअरी पब सुरू झालं आणि मग हळूहळू ग्लास नाकाशी नेऊन वास घेणारी जमात वाढत गेली. हेफेवायझन, म्हणजे गव्हाची जर्मन बियर, आली की "केळ्याचा वास येतोय बघ" हे ठरलेलं, आता तो वास यीस्टमुळे येतो, केळं कोणी घातलेलं नसतं, पण सांगणाऱ्याचा थाट असा की यानेच सोलून टाकलंय. आयपीए (इंडिया पेल एल, एक कडवट बियर) तर मला काढाच वाटतो, हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी फुलं, भरपूर म्हणून कडू, कळलं ना, पण आवडायलाच पाहिजे असं कुठंय?

स्ट्राँगवाल्यांचं लॉजिक त्याहून भारी. आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल म्हणजे पैसा वसूल, चव गेली खड्ड्यात, वर बाटली एवढी चिल्ड हवी की तशीही जिभेला काही लागत नाही. माझं म्हणाल तर साधी माइल्ड लागर, बेताची गार, चकण्याला खारे शेंगदाणे नाहीतर मसाला पापड, बास. (बियरमध्ये बर्फ टाकणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही.)