घर गार, माणूस ऊबदार

जपानी घरांचे कौतुक बाहेरच्या जगात पुष्कळ होते. त्यांचा नीटनेटकेपणा, ततामीच्या चटया, सरकती दारे, कमीत कमी सामान या सगळ्यांबद्दल लोक भरभरून बोलतात. पण हीच घरे हिवाळ्यात किती गार पडतात, हे मात्र येथे राहायला येईपर्यंत कोणी सांगत नाही. जानेवारीत टोकियोचा पारा पहाटे एक-दोन अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी दहाच्या आसपास जातो. निफाडची थंडी पाहिलेल्या माणसाला हे आकडे फारसे घाबरवत नाहीत. शिवाय आकाश निळेशार आणि ऊन लख्ख असते, कारण सायबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून उचललेले सगळे बाष्प पश्चिमेकडच्या डोंगरांवर बर्फाच्या रूपाने टाकून देतात आणि डोंगर ओलांडून टोकियोत उतरतात ते पूर्ण कोरडे होऊन. बाहेर फिरणाऱ्याची त्यामुळे फारशी तक्रार नसते. तक्रार सुरू होते ती घरात पाऊल टाकल्यावर.

येथल्या जुन्या घरांना आणि भाड्याच्या बहुतेक सदनिकांना एकेरी काचेच्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या खिडक्या असतात, भिंती पातळ असतात आणि सगळे घर एकदम तापवणारी यंत्रणा जवळजवळ कोठेच नसते. ज्या खोलीत माणसे बसली असतील तेवढीच खोली तापवायची, बाहेर पडताना गरम हवा सोडणारा एसी बंद करायचा आणि दार लोटून घ्यायचे, हा सर्वमान्य नियम आहे. बैठकीच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाणे ही त्यामुळे छोटीशी मोहीमच ठरते, आणि मधल्या अरुंद पॅसेजमध्ये कोणीही रेंगाळत नाही. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ वाहत असतात आणि सारा देश हातात फडके घेऊन ते पुसत असतो. शेजारच्या आजींनी तर काचांवर पार्सलांतले फुगेदार प्लॅस्टिक चिकटवून टाकले आहे. जे राष्ट्र ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदांच्या हिशेबाने चालवते, त्याने खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यापुढे असे हात टेकावेत, याचे मला पहिल्या हिवाळ्यात हसू येत असे.

या हात टेकण्याला मोठी परंपरा आहे, हे पुढे कळले. चौदाव्या शतकातल्या योशिदा केंको नावाच्या भिक्षूने आपल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या स्फुटलेखांच्या संग्रहात लिहून ठेवले आहे की घर बांधावे ते उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. हिवाळ्यात माणूस कोठेही राहू शकतो. टोकियोचा दमट ऑगस्ट सोसलेल्या कोणालाही यातला पहिला भाग पटेल. दुसऱ्या भागाबद्दल मात्र त्या भिक्षूशी चार शब्द बोलावेसे वाटतात.

घर तापवायचे नाही असे एकदा ठरल्यावर उरतो तो माणूस, आणि माणसाला अवयवाअवयवाने ऊब पुरवण्यात जपान्यांनी जी कल्पकता दाखवली आहे तिला तोड नाही. प्रसाधनगृह बर्फासारखे गार असेल, पण कमोडची बैठक विजेवर तापलेली असते. लोकल गाडीत बसलात तर आसनाखालच्या हीटरमुळे पोटऱ्या भाजून निघतात आणि दार उघडताच नाक गारठते. फलाटावरचे स्वयंचलित विक्रीयंत्र हिवाळा लागला की अर्ध्या रांगांच्या निळ्या पट्ट्या लाल करते आणि तेथून कॉफीचा किंवा मक्याच्या सुपाचा गरम डबा खडखडत खाली पडतो. पुष्कळ लोक तो लगेच उघडत नाहीत. आधी दोन्ही हातांनी धरतात, मग गालाला लावतात, मग कोटाच्या खिशात ठेवतात आणि गाडी आली की पितात. सूप संपल्यावर तळाशी चिकटलेले मक्याचे दाणे काढण्यासाठी डबा उलटा धरून त्याच्या बुडाला टिचक्या मारणारे सुटाबुटातले गृहस्थ हे माझे टोकियोतले सर्वांत आवडते हिवाळी दृश्य आहे.

या सगळ्यांवर कडी करते ती ‘काइरो’ नावाची पुडी. आत लोखंडाचा भुगा, मीठ, पाणी, कोळशाची पूड असा साधा मसाला असतो. वेष्टण फोडून हवा लागली की लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्याच्या उष्णतेवर माणूस दिवसभर शेकत राहतो. गंज चढण्याचा असा सदुपयोग अन्यत्र कोणाला सुचल्याचे मला ठाऊक नाही. खिशात ठेवायच्या, कपड्यांवर आतून चिकटवायच्या आणि बुटात घालायच्या अशा वेगवेगळ्या पुड्या औषधांच्या दुकानात ढिगाने मिळतात, आणि कमरेवर नेमकी कोठे चिकटवावी यावर कचेरीतल्या ज्येष्ठ भगिनींचे ठाम मत असते. कचेरीतही पारा चढवण्याची सोय नाही, कारण पर्यावरण मंत्रालयाने २००५ पासून हिवाळ्यात खोलीचे तापमान वीस अंशांवर ठेवण्याचे आवाहन चालवले आहे. परिणामी अत्यंत गंभीर बैठकीत टेबलाच्या वर आकडेमोड चाललेली असते आणि टेबलाच्या खाली अस्वलांची, सशांची चित्रे असलेल्या लहान दुलया सगळ्यांच्या मांड्यांवर पसरलेल्या असतात.

मात्र या साऱ्या युक्त्यांचा मुकुटमणी घरातच असतो, आणि तो म्हणजे कोतात्सू. जमिनीवर बसून वापरायचे चौरंगासारखे बुटके टेबल, त्याच्या पोटात खालच्या बाजूला बसवलेला लहानसा हीटर, टेबलाच्या सांगाड्यावरून चारही बाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाड दुलई आणि त्या दुलईवर परत ठेवलेली फळी, एवढीच त्याची रचना. पूर्वी खाली निखारे असत. १९५७ साली तोशिबाने विजेचा हीटर टेबलाच्या आतल्या बाजूला टांगला आणि पायांना मोकळी जागा झाली. दुलई उचलून पाय आत सरकवले की मांड्यांपासून खालचा माणूस दहा मिनिटांत वैशाखात जातो, आणि वरचा माणूस पौषातच राहतो. त्यासाठी कापूस भरलेला ‘हांतेन’ नावाचा आखूड डगला पाठीवर असतो. टेबलावर संत्र्यांची टोपली असलीच पाहिजे, हा अलिखित कायदा आहे.

कोतात्सूत बसण्यात एकच अडचण आहे, ती उठण्याची. शेजारच्या आजींकडे एका रविवारी दुपारी आम्ही चौघे चार बाजूंनी पाय खुपसून बसलो होतो. दुलईखाली कोणाचा पाय कोणाला लागतो आहे याचा पत्ता नव्हता, आणि दर खेपेला दोन्ही पक्ष एकमेकांची क्षमा मागत होते. चहा संपला. किटली स्वयंपाकघरात, म्हणजे दोन पावलांवर, पण सायबेरियात. आजींच्या यजमानांनी वर्तमानपत्र उंच धरले, त्यांच्या मुलाला एकाएकी डुलकी लागली, आणि मी पाहुणा असल्यामुळे नैतिकदृष्ट्या सुरक्षित होतो. शेवटी आजीच उठल्या, किटली भरून आणली आणि टेबलाजवळच विजेच्या जोडणीवर ठेवली, म्हणजे पुन्हा हा प्रसंग यायला नको. मुलगा खरोखरच झोपला तेव्हा मात्र, कोतात्सूत झोपले की सर्दी होते, असे म्हणत त्यांनी त्याला हलवून उठवले. तो मुलगा पंचेचाळिशीचा आहे.

या सगळ्या जपणुकीतून वगळलेला एकच वर्ग आहे, तो म्हणजे शाळकरी मुले. भर जानेवारीत प्राथमिक शाळेतली मुले आखूड चड्डीत आणि मुली झग्याखाली उघड्या गुडघ्यांनी शाळेत जाताना दिसतात. मुले ही वाऱ्याची लेकरे, अशी येथे म्हणच आहे. निशी-कासाई या आमच्या भागात भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी, त्यामुळे सकाळी आठ वाजता एकाच पदपथावर दोन संस्कृती समोरासमोर येतात. एकीकडे लालबुंद गुडघ्यांची जपानी पोरे आरडाओरडा करत पळत असतात, आणि दुसरीकडे कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि हातमोजे यांत कोंबलेला एखादा मराठी बाळ हात शरीरापासून दूर ठेवून पेंग्विनासारखा चालत असतो. जपानी शाळेत घातलेल्या मराठी मुलाची कानटोपी वर्षभरात दप्तरात जाते आणि त्याच्या आईचे तोंड दिवसभर उतरलेले राहते.

रात्रीची आंघोळ हा दिवसभराच्या थंडीचा हिशेब चुकता करण्याचा मार्ग. आधी बाहेर अंग स्वच्छ धुऊन मग एकेचाळीस-बेचाळीस अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचे, आणि तेच पाणी सगळ्या घराने आळीपाळीने वापरायचे. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी त्या पाण्यात युझू नावाची सुगंधी लिंबे तरंगत सोडतात. येथे मात्र माझे हसू थांबते, कारण गारठलेल्या खोलीत कपडे उतरवून एकदम कढत पाण्यात शिरल्याने वृद्ध माणसे दगावतात, आणि दर हिवाळ्यात त्याबद्दल सावध करावे लागते. घर तापवण्याची काटकसर येथे महागात पडते.

या प्रकाराला खरे हसतात ते होक्काइदोचे लोक. जपानच्या या उत्तरेकडच्या बेटावर पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो, म्हणून तेथली घरे दुहेरी काचांची, भक्कम आणि आतून इतकी उबदार असतात की बाहेर बर्फ पडत असताना माणसे टी-शर्टात आइस्क्रीम खातात. साप्पोरोचा माझा एक सहकारी टोकियोच्या थंडीने काकडून जातो आणि नववर्षाच्या सुट्टीत ऊब घ्यायला उत्तरेला जातो.

आता सरकारनेही मनावर घेतले आहे. एप्रिल २०२५ पासून जपानमध्ये बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या घराला उष्णता राखण्याचे निकष पाळणे सक्तीचे झाले आहे. शेजारच्या आजींच्या मुलाने नुकतेच असे एक घर बांधले आणि आईवडिलांना तेथे नेले. दुहेरी काचा, जाड भिंती, पॅसेजमध्येसुद्धा अनवाणी फिरता येईल अशी ऊब. कोतात्सूची आता गरज नाही, असे मुलाने बजावले होते. आजींनी तो तरीही नेला. परवा भेटल्या तेव्हा मी नव्या घराची चौकशी केली. घर उत्तम आहे, त्या म्हणाल्या, फक्त कोतात्सूत बसले की फार उकडते, म्हणून संध्याकाळी त्या एसी बंद करतात आणि खिडकी थोडी उघडी ठेवतात.