कचऱ्याचा प्रवास छोटा करताना : दार-ए-सलाममधली आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा कचऱ्याचा नव्हे. टांझानियात दार-ए-सलामच्या कारियाको बाजाराजवळ आमचं गॅरेज होतं. पुण्याच्या बजाज रिक्षा या शहरात पावलोपावली दिसतात. त्यांचे सुटे भाग विकायचे आणि मालवाहू तीनचाकींना मागचा हौदा बांधून द्यायचा, एवढंच आमचं काम. २०१५ च्या ऑगस्टमध्ये किनोंदोनी भागात कॉलऱ्याची साथ सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. त्या दिवसांत गॅरेजवर वेगळीच गिऱ्हाईकं येऊ लागली : हातगाडीवरून कचरा ओढणारी तरुण पोरं. त्यांना तीनचाकीवर असा हौदा हवा होता, जो एकट्या माणसाला उलटा करता येईल, ज्यातून घाण पाणी गळणार नाही आणि जो तांदाले या दाट वस्तीच्या बोळातून अडकल्याशिवाय निघेल. मापं घ्यायला आम्ही त्यांच्याबरोबर वस्तीत गेलो, आणि हळूहळू या कामातच उतरलो.

हे शहर किती झपाट्याने वाढलं, ते जनगणनेत दिसतं. १९६७ मध्ये पावणेतीन लाख, २०१२ मध्ये सुमारे ४४ लाख आणि २०२२ मध्ये जवळजवळ ५४ लाख लोक. आधी घरं झाली, रस्ते मागाहून आले. कित्येक वस्त्यांत अजून यायचे आहेत. ट्रक मोठ्या रस्त्यावर थांबतो आणि वस्ती आत राहते. मग मार्च ते मे या मसिकाच्या पावसात गोण्याच्या गोण्या गटारात सोडल्या जातात. पाणी त्या म्सिम्बाझी नदीकडे नेतं, नदी तुंबते, जांग्वानीचा सखल भाग बुडतो. इथल्या लोकांना स्वच्छतेची चाड नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. उजाडायच्या आत घरापुढची माती खराट्याने लख्ख झाडणाऱ्या बायका मी रोज बघतो. दारापर्यंत गाडीच येत नसेल, तर त्यांनी झाडलेलं ठेवायचं कुठे?

वस्तीतल्याच एका बाई आमच्या भागीदार झाल्या. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. त्यांच्याशिवाय हा धंदा पहिल्या पावसाळ्यातच बुडाला असता, कारण खरी अडचण गाडीची नव्हती, वसुलीची होती. १९९४ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात पहिल्यांदा खासगी कंत्राटदार आला. पुढे तीच पद्धत पसरली : कंत्राटदाराने कचरा उचलायचा आणि शुल्कही त्यानेच घरोघरून गोळा करायचं. मसाकी, ऑयस्टर बेसारख्या बंगल्यांच्या भागात हे जमतं, म्हणून प्रत्येकाला तोच भाग हवा असतो. रोज कमावून रोज खाणाऱ्या घरात महिन्याची रक्कम एकदम मागितली, तर ती मिळणार कशी? मामांनी शुल्काचे आठवड्याचे तुकडे पाडले. मोबाईलवरून पैसे पाठवणं इथे भारतात यूपीआय यायच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या अंगवळणी पडलं आहे. त्यामुळे दारात रोख पैशांची देवघेव उरली नाही आणि प्रत्येकाला पावतीचा संदेश जाऊ लागला. म्ताआ म्हणजे आपला मोहल्ला. त्याच्या अध्यक्षांसमोर भरसभेत ठरलं की गाडी दोन वेळा चुकली तर त्या आठवड्याचं शुल्क मागायचं नाही. हा नियम आमच्यावर जाचक होता, पण तो मामांनीच मांडला होता, आणि त्यानंतर वसुली टिकली.

वसुली जमली तरी हातात काही राहत नव्हतं. पैसा डिझेलमध्ये जात होता. शहराचा कचरा डेपो वर्षानुवर्षं बाहेर बाहेर सरकत गेला आहे. तबाताच्या रहिवाशांनी तिथल्या धुरा-दुर्गंधीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९८८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? पुढे विंगुंगुती, मग म्तोनी आणि आता पुगू किन्याम्वेझी. पुगू मध्यवस्तीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. रस्त्यात कोंडी, दारात ट्रकची रांग, पावसात आतला रस्ता चिखलाचा. आणि एवढं करून आपण वाहतो काय? केळीची सालं, उसाचा चोथा, आंब्याच्या कोयी, शहाळ्याच्या कवट्या, उरलेली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. आमच्या वस्तीत वजनाने निम्म्याहून खूप जास्त कचरा ओला असतो. म्हणजे गरिबाच्या पैशातून आम्ही ३० किलोमीटर पाणी वाहत होतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक निर्णयाला मी एकच कसोटी लावतो : यामुळे कचऱ्याचा प्रवास छोटा होतो का?

सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या बायकांबरोबर फिरलो. २००८ पासून कचरावेचकांची ही संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते. जी बाई कचरा घेते, तीच तो निवडते आणि सुक्याचे पैसे तिलाच मिळतात. म्हणून ती घरमालकिणीला ओलं-सुकं वेगळं द्यायला हक्काने सांगते. हेच आम्ही दार-ए-सलाममध्ये केलं. बाटल्या, पत्रा, पुठ्ठा यांच्या विक्रीचे पैसे गाडीवरच्या जोडीचे. कंपनी त्यातलं काही घेत नाही. वर्गीकरणासाठी वेगळा पर्यवेक्षक नेमावा लागला नाही.

ओल्या कचऱ्याचं खत करायला शहरातल्या म्बागाला भागाकडे एक छप्पर उभारलं. खत करणं सोपं वाटतं, पण इथे खरा वैरी पाऊस. उघड्या ढिगात पाणी शिरलं की ढीग कुजून वास मारतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारी दारात उभे राहतात. म्हणून आधी छप्पर, मग ढीग. कवट्या कुजत नाहीत, त्या वाळवून जळणाला जातात. किनोंदोनीत माब्वेपांदे इथे पालिकेचा मोठा खतप्रकल्प हॅम्बुर्ग शहराच्या मदतीने उभा राहिला. तिथलं काम बघून ढीग परतायची आमची पद्धत सुधारली. उष्टं-खरकटं मात्र आम्ही काळ्या सैनिकमाशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय) अळ्यांना घालतो. दोनेक आठवड्यांत त्या पोसतात. कोंबड्या पाळणारे लोक खाद्यात दागा ही सुकी मासळी मिसळतात आणि ती महाग झाली आहे, म्हणून अळ्यांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

सरकारच्या दोन निर्णयांनी आमचं काम हलकं केलं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. २०१७ च्या मार्चमध्ये दारूच्या प्लास्टिक पुड्यांवर बंदी आली आणि १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर. गटारांच्या जाळ्या साफ करणाऱ्याला विचारा, फरक तो सांगेल. पिशव्या गेल्यावर कचरा द्यायचा कशात, हा प्रश्न आला. आम्ही तांदळाची रिकामी पोती विकत घेऊन प्रत्येक घरी दोन दिली, एक ओल्याला, एक सुक्याला. ती धुऊन परत वापरतात.

आज पुगूला जाणाऱ्या आमच्या गाड्या पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी आहेत. पण म्बागालाचं छप्पर भरून गेलं आहे, आणि जागेचा भाव आमच्या आवाक्याबाहेर. बाजाराच्या आवारातला एखादा कोपरा मिळावा म्हणून आम्ही प्रभाग कार्यालयात अर्ज दिला आहे, कारण ओला कचरा सर्वांत जास्त तिथेच तयार होतो. एका बाजाराच्या समितीने जागा दाखवलीही, छपराचा आराखडा गॅरेजमध्ये तयार आहे. महाराष्ट्रात कुणी नारळाच्या कवट्या बारीक करणारं लहान, डिझेलवर चालणारं यंत्र बनवत असेल तर आम्हाला जरूर कळवा. इथे बाजारात वीज भरवशाची नाही, आणि मसिका सुरू व्हायच्या आत यंत्र बसवायचं आहे.