मांजर विकत घेतं का कुणी?

“मांजर विकत घेतं का कुणी? ती आपली आपण येतात आणि हाकलली तरी जात नाहीत.” पुण्याला गेले की हे मला एखादी मावशी नाहीतर आत्या ऐकवतेच. इथे जर्मनीत, ड्रेस्डेनमधली मराठी मंडळी तेच जरा आडवळणाने विचारतात, “पिल्लामागे हजार-बाराशे युरो? कशाचे हो?” आम्ही घरात सायबेरियन मांजरी पाळतो, वर्षाकाठी एखादं वेत होऊ देतो आणि चांगली घरं बघून पिल्लं देतो. पैसे घेऊनच देतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा हिशेब मांडते.

आधी मावशीची बाजू. तिचं बरोबर आहे. नुसती मांजर हवी असेल तर विकत घेऊच नये. इथल्या प्राण्यांच्या आश्रमांतही मांजरांचा तुटवडा नाही, आणि चौकशीला फोन आला की मी आधी तिकडे जाऊन यायला सांगते. बरेच जण तिकडूनच एखादी मांजर घेऊन घरी जातात, छानच होतं. तरीही जे माझ्याकडे येतात त्यांना मांजर पुढे कशी निघेल याचा अंदाज हवा असतो. घरात लहान मुलं असतात, कुत्रा असतो, नवऱ्याला शिंका येत असतात. माझ्याकडे विकायला आहे तो एवढा अंदाज. मिशा आणि शेपटी काय, सगळ्याच मांजरांना असतात.

गंमत म्हणजे सायबेरियनसुद्धा मुळात फुकटचीच. ही जात कुणी प्रयोग करून घडवलेली नाही. रशियाच्या थंडीत कोठारांतले उंदीर मारत जगलेली ही केसाळ मांजर, तिच्याकडे वंशावळीच्या नजरेने कुणी बघतही नव्हतं. 1987 साली लेनिनग्राडमध्ये ‘कोतोफेई’ नावाचा मांजरप्रेमींचा क्लब निघाला आणि त्या सुमारास जातीची लक्षणं कागदावर यायला लागली. आमच्या इमारतीतले एक आजोबा तरुणपणी सोव्हिएत संघात पाइपलाइन टाकायला गेले होते. त्या काळी पूर्व जर्मनीतून अशा कामावर पुष्कळ लोक जायचे, आणि परतताना काहींनी तिथली मांजरं बरोबर आणली. इकडे त्यांना ‘ट्रासेनकात्से’ म्हणत, म्हणजे पाइपलाइनच्या मार्गावरची मांजर. आजोबांच्या मते माझा भाव म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे. तसं सांगून ते ठमीला मांडीवर घेऊन बसतात.

ठमी म्हणजे आमची थोरली मांजरी.

पैसा जायला लागतो तो पिल्लं पोटात येण्याच्याही आधी. सायबेरियनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार दिसतो. मांजर वरून ठणठणीत असते, खेळते, आणि तीन-चार वर्षांची असताना एक दिवस अचानक जाते. नुसत्या डीएनए चाचणीवर इथे भागत नाही. हृदयाच्या डॉक्टरकडून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा लागतो आणि तो अधूनमधून पुन्हा करावा लागतो, कारण आजार वय वाढल्यावरही उगवतो. शिवाय मूत्रपिंडातल्या गाठींची चाचणी, रक्तपेशी लवकर फुटण्याच्या आनुवंशिक दोषाची चाचणी, ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणी. आणि रक्तगट.

या रक्तगटाबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मांजरांत मुख्य गट दोन, ए आणि बी. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) आपोआपच असतात, आणि ती तिच्या चिकातून पिल्लात उतरतात. बाप ए गटाचा असेल तर पिल्लं बहुतेक ए गटाचीच होतात. धडधाकट जन्मलेलं पिल्लू आईला लुचतं आणि एक-दोन दिवसांत लघवी गडद तांबडी होऊन मरतं. जगलंच तर कधी कधी शेपटीचं टोक झडतं. आपल्याकडे गाय व्याली की चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतात. इथे तोच चीक पिल्लाच्या जिवावर उठतो.

ठमी बी गटाची आहे. तिच्यासाठी बी गटाचा बोका मिळाला तर प्रश्न नसतो, पण तो दर वेळी मिळतोच असं नाही. मग ती व्याली की पिल्लं पुसून, वजन करून, गरम पाण्याच्या पिशवीवर टॉवेल घालून वेगळ्या खोक्यात ठेवायची. पहिला दिवसभर दर दोन तासांनी त्यांना बाटलीने मांजरपिल्लांसाठीचं तयार दूध पाजायचं. बाटलीची निपल करंगळीच्या नखाएवढी. पिल्लाला उताणं धरायचं नाही, दूध फुप्फुसात जातं. पालथंच ठेवायचं, मान किंचित वर. पाजून झालं की ओल्या कापसाने बुडाशी चोळायचं, एरवी हे आई चाटून करते. त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. आणि दाराबाहेर ठमी पिल्लांना हाका मारत असते. साधारण चोवीस तासांत पिल्लाच्या आतड्यातून ही प्रतिद्रव्यं रक्तात जाणं बंद होतं. मग दार उघडायचं, ती एकेकाचा वास घेते आणि आडवी होते.

पुढचे आठवडे स्वयंपाकघरातला वजनकाटा मांजरांचा. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास, रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. वजन एक दिवस थांबलं तरी लक्ष ठेवायचं, उतरलं तर डॉक्टर. डोळे उघडायच्या सुमाराला ठमी पिल्लांना सात घरं फिरवायला काढते: माझं साड्यांचं कपाट, नवऱ्याची लॅपटॉपची बॅग, एकदा तर चक्क धुण्याच्या यंत्रात. त्या दिवसांत यंत्र सुरू करण्याआधी पिल्लं मोजायची, हा घरचा नियम.

पिल्लू माणसाळतं ते दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. तेवढ्या काळात माणसाचा हात, लहान मुलांचा आरडाओरडा, व्हॅक्यूम क्लीनर, दारावरची घंटा हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. आमच्याकडची पिल्लं कुकरच्या शिट्टीला आणि मिक्सरला ढिम्म हलत नाहीत. याचं जर्मन कुटुंबांना फार कौतुक! चौथ्या आठवड्यापासून रोज कंगव्याचे दोन हात आणि पंजे दाबून नखं बघणं. सायबेरियनचा कोट तीन थरांचा, वसंत ऋतूत त्याची लोकर अख्ख्या घरभर होते. लहानपणी कंगवा सोसला नसेल तर सहा-सात किलोच्या बोक्याला पुढे धरणार कोण?

“आठ आठवड्यांचं असतानाच द्या ना, तेव्हाच गोड दिसतात,” असं म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. चावा कुठे थांबवायचा हे पिल्लू भावंडांकडून आणि आईच्या फटक्यांतून शिकतं. लसीचा दुसरा डोसही बाराव्या आठवड्याला असतो. त्याच्या आत आमच्या घरातून पिल्लू हलत नाही.

ॲलर्जीचं विचारायला निम्मे लोक येतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की सायबेरियनची ॲलर्जी होतच नाही. तसं नाही. शिंका येतात त्या केसांमुळे नव्हे, ‘फेल डी वन’ नावाच्या प्रथिनामुळे. ते लाळेत आणि कातडीच्या तेलकट ग्रंथींत असतं. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि घरभर उडते. काही सायबेरियनमध्ये हे प्रथिन कमी आढळतं, पण एका मांजरीत कमी, तिच्या बहिणीत भरपूर, असंही होतं. नसबंदी न केलेल्या बोक्यात ते सहसा जास्त. म्हणून मी हमी देत नाही. अशा घरच्यांना दोन-तीनदा येऊन मोठ्या मांजरांपाशी तासभर बसायला लावते, कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा म्हणते. पुढे त्रास झालाच तर पिल्लू मी परत घेते. तसं करारातच लिहिलेलं आहे, आणि नसबंदीचंही.

अलीकडे भाव चढायला आणखी एक कारण झालं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर 1 मार्च 2022 रोजी फिफे या आंतरराष्ट्रीय मांजर महासंघाने रशियात पैदास झालेल्या मांजरांची आयात आणि बाहेरच्या वंशावळीत नोंद थांबवली. आधी मुदत 31 मेपर्यंतचीच होती, पण आमच्यासारख्यांना तेव्हाच कळलं की नवं रक्त आता दुसरीकडे शोधायचं. हल्ला करणाऱ्या याच पुतिन यांनी 2013 मध्ये जपानमधल्या आकिताच्या गव्हर्नरांना ‘मीर’ नावाचा सायबेरियन पाठवला होता, त्यांनी दिलेल्या कुत्र्याची परतफेड म्हणून. मीर म्हणजे शांती.

पुण्याला पिल्लू पाठवाल का, असंही येतंच. नाही पाठवत. ना-हरकत, रेबीजची लस, दाखले ही यातायात वेगळीच. पण तीन थरांची लोकर घेऊन त्या जिवाने एप्रिल-मे काढायचा म्हणजे जन्मभर एसीच्या खोलीत बसायचं. तरीही तिकडेच कुणाकडून घेणार असाल तर विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा: आई-बापाच्या हृदयाच्या इकोचे तारखेसकट रिपोर्ट, आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष बघायला. नुसते फोटो आणि वंशावळीचा कागद पुढे केला आणि आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर आगाऊ रक्कम देऊ नका.